गय, दया आणि कात्रजचा घाट

परभाषेतील शब्द मराठीत आणणे हे पाहुणा घरी आणण्यासारखे आहे. त्याला कोठे बसवावे आणि कोणत्या नात्याने हाक मारावी, याचा विचार आधी व्हावयास हवा. आपण तो करीत नाही. पुढे येईल त्या पाटावर त्याला बसवितो आणि जन्मभर भलत्याच नावाने हाका मारीत राहतो. इंग्रजीतील ‘क्लेमन्सी’ या शब्दाचे मराठीत असेच झाले आहे. त्याला आपण ‘दया’ म्हटले. ‘क्लेमन्सी पिटिशन’ म्हणजे ‘दयेचा अर्ज’. वर्तमानपत्रात तसेच छापून येते, बातम्यांत तसेच ऐकू येते, चहाच्या टपरीवरचे वादही त्याच शब्दाने पेटतात. या एका चुकीच्या नावामुळे आपला न्यायाचा, राज्यकारभाराचा आणि घरातल्या नि शाळेतल्या शिस्तीचाही विचार वाकडा झाला आहे, असे माझे म्हणणे आहे. फराळाच्या ताटाबरोबर ते वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करतो. ताटात गोड पुष्कळ असते. एखादी तिखट शेवही चालावी.

मी काही इंग्रजीचा पंडित नव्हे. माझी मजल मॅट्रिकपुढे गेली नाही. दिवसा मुलांना मराठी शिकवावे आणि रात्री कादंबरीची पाने खरडावीत, हा माझा उद्योग. पण कादंबरी लिहिणाऱ्याला एक खोड लागते. पात्राच्या तोंडी शब्द चुकीचा पडला की ते पात्रच खोटे पडते, हे त्याला ठाऊक असते. मग तो घरातले, बाजारातले, कचेरीतले शब्दही नाण्यासारखे वाजवून घेऊ लागतो. त्यातून मी राहतो कात्रजला. या गावाने मराठीला एक अस्सल वाक्प्रचार दिला आहे. १६६३ च्या एप्रिलात शिवाजीमहाराजांनी लाल महालात शाएस्तेखानावर छापा घातला. पाठलागावर येणाऱ्या फौजेला चकविण्यासाठी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून पेटविले, फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज सिंहगडाकडे सुखरूप निघून गेले, अशी कथा परंपरेने सांगतात. तेव्हापासून कोणी कोणाला हुलकावणी दिली की आपण म्हणतो, त्याने कात्रजचा घाट दाखविला. माझा आरोप असा, की ‘दया’ हा शब्द असाच शिंगांना बांधलेला पलिता आहे. आपले सगळे वाद त्या उजेडामागे धावतात आणि मुद्दा अंधारातून दुसऱ्याच वाटेने निघून जातो.

प्रथम पाहुण्याची ओळख करून घेऊ. ‘क्लेमन्सी’ हा शब्द लॅटिनमधील ‘क्लेमेन्शिया’वरून आला. त्याचा मूळ अर्थ सौम्यपणा, शांतपणा. तो माणसाच्या स्वभावाला लावतात तसा हवेलाही लावतात. वादळी, झोंबऱ्या हवेला इंग्रज ‘इनक्लेमेंट’ म्हणतो. हवा कोणावर दया करीत नाही, की तिच्यापुढे कोणी हात पसरीत नाही. ती आपल्या जागी सौम्य असते किंवा नसते. म्हणजे या शब्दात मागणारा नाही, देणारा नाही, डोळ्यांतले पाणीही नाही. ज्याच्या हाती जोर आहे त्याने तो जोर किती लावावा, याचे ते माप आहे.

हा भेद मी माझ्या पदरचा सांगत नाही. सेनेका नावाच्या रोमन तत्त्ववेत्त्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात या एका गुणावर ग्रंथ लिहिला आणि तो नुकत्याच गादीवर बसलेल्या नीरो बादशहाला उद्देशून लिहिला. त्यात तो सांगतो, की सूड घेण्याचे सामर्थ्य हाती असताना मनाला आवर घालणे म्हणजे क्लेमेन्शिया. ती कडकपणाच्या विरुद्ध नाही, क्रौर्याच्या विरुद्ध आहे. दुसऱ्याची दुर्दशा पाहून मन कासावीस होणे ही निराळी गोष्ट. तिला तो मनाचा दुबळेपणा म्हणतो. शिष्याने गुरूचे किती ऐकले ते जगजाहीर आहे. पुढे इसवी सन ६५ मध्ये त्याच नीरोच्या हुकुमाने सेनेकाला स्वतःचा जीव घ्यावा लागला. गुरूचे दुर्दैव झाले, पण त्याने दाखविलेला भेद खोटा ठरला नाही. दयेला समोर दीनवाणा चेहरा लागतो. सौम्यतेला तो लागत नाही. तिला लागतो तो स्वतःच्या हाताला असलेला लगाम.

आता कोणी विचारील, मग मराठीत दुसरा शब्द आहे कोठे? वाचकहो, शब्द एक नाही, ओळीने उभे आहेत. ‘गय करणे’ घ्या. आजी म्हणते, “लहान आहे, एवढी वेळ गय करा.” त्यात मुलाचा अपराध नाकारलेला नाही आणि त्याला लाजविलेलेही नाही. ‘माफी’ घ्या. ‘सूट’ आणि ‘तहकुबी’ घ्या. हे दोन शब्द खेड्यातल्या शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहेत. पीक बुडाले की शेतसाऱ्याची वसुली तहकूब होते किंवा त्यात सूट मिळते. पूर्वी त्यासाठी आणेवारी पाहत, आता पैसेवारी पाहतात. पन्नास पैशांच्या आत पीक आले की सवलतीचा प्रश्न उभा राहतो. पैसेवारी लावण्यात लबाडी होते, उशीर होतो, हे सगळे खरे. पण कल्पना केवढी मोठी आहे पाहा! तेथे शेतकऱ्याने तलाठ्यापुढे रडून दाखवावे अशी अपेक्षा नाही. पिकाचे माप घ्यावयाचे आणि मापाप्रमाणे सरकारने आपला हात सैल करावयाचा. त्याहून मागे गेलात तर ‘कौल’ आणि ‘अभय’ हे शब्द भेटतील. धामधुमीत गाव ओसाड पडले, रयत परागंदा झाली, तर तिने परत येऊन जमीन कसावी म्हणून राज्यकर्ता कौल देई. साऱ्यात सवलत देई आणि ती कागदावर लिहून देई. त्याला आपल्या पूर्वजांनी दया म्हटले नाही. तो कारभार होता.

आणि या सर्वांहून नेमका शब्द तर आपल्या घरातच होता. तो म्हणजे ‘मवाळ’. चार वाजले की ऊन मवाळते. रागावलेल्या माणसाचा आवाज दोन घटकांनी मवाळ होतो. हवा आणि स्वभाव या दोन्हींना लागणारा, मऊपणाचा पण दुबळेपणाचा नव्हे, असा हा शब्द क्लेमन्सीच्या सख्ख्या भावासारखा आहे. मग तो का वापरीत नाही? कारण आम्ही पुणेकरांनी त्याची शिवी करून टाकली.

हे कसे झाले ते आठवा. काँग्रेसमध्ये जहाल आणि मवाळ अशी दोन कुळे झाली, १९०७ साली सुरतेला ती फुटली आणि पुण्याच्या पेठापेठांतून ‘मवाळ’ म्हणजे भित्रा, साहेबाच्या पुढे वाकणारा, असा अर्थ रुजला. ना. गोखल्यांसारख्या माणसाला तो शब्द जन्मभर गळ्यात वागवावा लागला. राजकारणातला तो वाद तेव्हा खरा होता, जरुरीचा होता आणि त्यात जहालांची बाजू मोठी होती, हे मी नाकारीत नाही. पण वाद संपून शंभर वर्षे लोटली. शब्द मात्र आपण अजून पायातून काढीत नाही. खुद्द टिळकांनी १९१५ साली गोखल्यांच्या चितेजवळ उभे राहून त्यांचा गौरव केला. जे टिळकांना जमले ते टिळकभक्तांना जमू नये, ही पुण्याची जुनी रीत आहे.

शब्दाची शिवी करणे हा केवळ आमच्याच गावचा उद्योग नव्हे. ‘क्लेमन्सी’चीही शिवी झाली होती, आणि तीही हिंदुस्थानावरूनच. १८५७ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॅनिंगने एक ठराव काढला. पकडलेल्या प्रत्येक शिपायाला विचारपूस न करता फासावर चढवू नका, खुनात ज्याचा हात नाही त्याचा निराळा विचार करा, असा त्याचा आशय होता. एवढ्यावर कलकत्त्याचे गोरे व्यापारी आणि लंडनची वर्तमानपत्रे खवळली. सुडाची तहान लागलेल्या लोकांनी त्याला ‘क्लेमन्सी कॅनिंग’ असे हिणवले. ‘पंच’ साप्ताहिकाने त्याचे व्यंगचित्र काढले. कॅनिंग काही संत नव्हता. त्याच्याच राज्यात झाडांना माणसे टांगली गेली. पण चवताळलेल्या जमावापुढे राज्यकर्त्याने “थांबा, आधी चौकशी करा,” एवढेच म्हटले तरी ती शिवी होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे वर्षभरात, १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात, इंग्रजांच्या खुनात भाग न घेतलेल्यांना माफी द्यावीच लागली. शिवी देणारे हळूहळू गप्प झाले आणि तेच टोपणनाव कॅनिंगच्या स्तुतीखातर घेतले जाऊ लागले.

आमच्या लोकमान्यांचीच गोष्ट पाहा. १८९७ साली त्यांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. मॅक्स म्युल्लर, सर विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी यांच्यासारख्यांनी विलायतेत त्यांच्या सुटकेसाठी अर्ज केला, काही अटी घालून शिक्षेत सूट मिळाली आणि १८९८ च्या सप्टेंबरात ते मुदतीआधी बाहेर आले. टिळकांनी दयेची भीक मागितली, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे काय? कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. एका विद्वानाची योग्यता दुसऱ्या विद्वानांनी सरकारच्या नजरेस आणली, सरकारने आपला हात सैल केला. पण तीच गोष्ट दुसऱ्या एखाद्या कैद्याच्या बाबतीत घडली, की आपली जीभ ताबडतोब ‘भीक’ या शब्दाशी जाते. आपल्या माणसाला ‘सुटका’ आणि परक्याला ‘दया’! शब्दकोशात हा नियम छापलेला नाही, पण पाळतात सगळे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. भारताच्या संविधानाचा अनुच्छेद ७२ राष्ट्रपतींना आणि अनुच्छेद १६१ राज्यपालांना शिक्षेबाबत काही अधिकार देतो. मूळ इंग्रजी मजकुरात क्षमा करणे, शिक्षा तहकूब करणे, सूट देणे, शिक्षा निलंबित किंवा सौम्य करणे, अशी क्रियापदे ओळीने आली आहेत. दया या अर्थाचा शब्द त्यात औषधालाही नाही. घटनाकारांना तो शब्द ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? त्यांनी राजाची कृपा तेथे घातली नाही. त्यांनी न्यायाच्या इमारतीला शेवटचा एक दरवाजा ठेवला. न्यायालये माणसांची असतात आणि माणसांची चूक होते, म्हणून. हा अधिकार राष्ट्रपती स्वतःच्या लहरीने वापरीत नाहीत. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरतात. २०१४ च्या जानेवारीत शत्रुघ्न चौहान प्रकरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले, की ही मेहेरबानीची बाब नव्हे. ती संविधानाने टाकलेली जबाबदारी आहे.

कात्रजकराला हे समजावयास कठीण नाही. आमच्या तळ्याचे पाणी नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, भुयारी नळाने पुण्यात नेले आणि ठिकठिकाणच्या हौदांत सोडले. हौदावर घागर भरणाऱ्या बाईला श्रीमंतांपुढे पदर पसरावा लागत नव्हता. पाणी नळातून यावयाचेच होते. नळ तुंबला तर तो साफ करणे हे सरकारचे काम. संविधानातला हा अधिकार हौदाच्या पाण्यासारखा आहे. आपण मात्र त्याला ओंजळीने घातलेले पाणी समजतो.

या गैरसमजाचे परिणाम पाहा. २००७ साली पुण्यात एका कंपनीत रात्रपाळीस जाणाऱ्या तरुणीवर तिला नेणाऱ्या गाडीच्याच चालकाने आणि त्याच्या साथीदाराने अत्याचार करून तिचा खून केला. त्या बातमीने त्या दिवसांत आमच्या घरोघरीच्या मुलींच्या आया रात्र रात्र जाग्या होत्या. दोघांना फाशीची शिक्षा झाली, २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, राज्यपालांनी आणि २०१७ साली राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळले. त्यानंतर फाशीचे वॉरंट निघाले ते २०१९ साली. मधली जवळजवळ दोन वर्षे कागद या टेबलावरून त्या टेबलावर जात राहिला. २०१९ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने या अक्षम्य दिरंगाईसाठी फाशी रद्द करून पस्तीस वर्षांची कैद दिली आणि २०२४ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोन बहिणींचेही तसेच झाले. त्यांचे अर्ज निकाली काढण्यात सरकारने जवळजवळ आठ वर्षे घालविली आणि २०२२ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून त्यांना जन्मठेप दिली.

या दोन्ही निकालांवर लोक काय बोलले? “नराधमांवर न्यायालयाला दया आली!” अहो, दया आली कोठे? न्यायालयाने त्यांचा गुन्हा एका केसानेही हलका मानला नाही. न्यायालय म्हणाले एवढेच, की मरणाची तारीख न सांगता माणसाला वर्षानुवर्षे टांगून ठेवणे ही सरकारने दिलेली दुसरी शिक्षा झाली, आणि ती द्यावयाचा अधिकार सरकारला नव्हता. म्हणजे दोष फायलीचा. ती ज्या टेबलावर झोपली त्या टेबलाला जाब विचारावयास हवा होता. पण ‘दया’ या शब्दाचा पलिता शिंगांवर पेटला आणि सगळा संताप न्यायाधीशांच्या दिशेने घाट चढू लागला. फाईल दाबून बसणारा कारकून आणि त्याचा साहेब अंधारातून सुखरूप घरी पोचले. चुकीचा शब्द कोणाच्या सोयीचा असतो ते यावरून ओळखावे.

कोणी म्हणेल, “मास्तर, शब्दांचा कीस पाडू नका. ज्यांची लेक गेली त्यांना विचारा.” हा आक्षेप मोठा आहे आणि मी तो झटकून टाकीत नाही. जोशी-अभ्यंकर खुनांनी १९७६-७७ साली पुण्याची झोप उडविली होती. दिवेलागणीलाच दारे लावली जात, असे जुनी माणसे सांगतात. त्यातील चौघांना १९८३ च्या नोव्हेंबरात येरवड्यात फाशी झाली. त्या काळी भ्यालेल्या माणसांना मी आज शांतिपाठ शिकवावा, एवढा मी निर्लज्ज नाही. ज्याच्या काळजाचा तुकडा गेला त्याने क्षमा करावी, असे म्हणण्याचा अधिकार जगात कोणालाच नाही. आणि म्हणूनच ‘दया’ हा शब्द मला नको आहे! कारण दया ही मनाची गोष्ट. ती मागितली की दुःख झालेल्या माणसाच्या मनावरच आपण ओझे टाकतो; तो कठोर की कनवाळू, असा त्याचाच निवाडा करू लागतो. सौम्यता ही राज्याची गोष्ट. तिला आईबापांच्या अश्रूंचे मोल चुकवावे लागत नाही. पस्तीस वर्षांची कैद म्हणजे काही मोकळीक नव्हे.

मात्र जिने क्षमा करावयाची ती बाजू आपण होऊन पुढे आली तर? तेही या देशात घडले आहे. गांधीजींच्या खुनाबद्दल नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशीची शिक्षा झाली. दोघेही पुण्यात राहून वर्तमानपत्र चालविणारे. तेव्हा गांधीजींचे दोन पुत्र, मणिलाल आणि रामदास, यांनी ती शिक्षा सौम्य करावी अशी विनंती केली. सरकारने ती मानली नाही आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याला फाशी झाली. त्या खटल्याविषयी पुण्यात आजही दोन तोंडांनी बोलतात. मला त्यात शिरावयाचे नाही. बाप गेला त्याच्या मुलांनी शिक्षा सौम्य मागितली. ती दया होती का? खुनी मनुष्य केविलवाणा वाटला म्हणून त्यांनी लिहिले नाही. आपला बाप ज्या गोष्टीसाठी जगला ती त्याच्या नावाने मोडू नये, म्हणून लिहिले. या वृत्तीला मराठीत ‘दया’ म्हणणारा माणूस एक तर मराठी विसरला असला पाहिजे, नाही तर गांधीजींना.

दयेचा दुसरा दोष असा, की ती चेहरा पाहते. नानावटींचा खटला ज्यांनी सिनेमातून पाहिला असेल त्यांना आठवत असेल. १९५९ साली या आरमारी अधिकाऱ्याने पत्नीच्या मित्रावर गोळ्या झाडल्या. १९६० च्या मार्चात उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी मुंबईच्या राज्यपालांनी शिक्षा तहकूब केली. सर्वोच्च न्यायालयाने ती तहकुबी अयोग्य ठरविली आणि १९६१ साली जन्मठेप कायम केली. तरी १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिलीच. अधिकारी देखणा होता, गणवेशात होता, वर्तमानपत्रे त्याच्या बाजूने होती. साऱ्या शहराला त्याची दया आली. त्या वर्षांत किती गरीब माणसे नवरेपणाच्या रागात खून करून जन्मठेप भोगीत असतील. त्यांचे फोटो कोणी छापले? ज्याला ओळख आहे त्याला मिळते ती दया नव्हे, तिला आपल्याकडे ‘वशिला’ असा सरळ शब्द आहे. सौम्यता सगळ्यांना एका मापाने मिळावयास हवी.

आणि ती तशी देता येते, हे महाराष्ट्रानेच दाखविले आहे. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रयत्नाने ‘स्वतंत्रपूर’ नावाची कैद्यांची वसाहत उभी राहिली. भिंत नाही, बेड्या नाहीत. कैद्याने बायकामुलांसह राहावे आणि शेत कसावे. ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा रचली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. चित्रपट पाहताना आपल्या घरातील बायामाणसांनी डोळे पुसले असतील. पण स्वतंत्रपुरात जे चालले ते डोळे पुसण्यावर चाललेले नव्हते. सकाळी हजेरी होती, नांगर होता, नियम होते. कैद्याच्या कीव येण्याजोग्या अवस्थेवर ती वसाहत उभी नव्हती. तो शब्द पाळील, या विश्वासावर उभी होती.

पण आपल्याला कठोर बोलण्याचीच चटक लागली आहे. कोठे पूल पडो, कोठे आग लागो, दुसऱ्या दिवशी मंत्र्यांचे वाक्य तयार असते, “कोणाचीही गय केली जाणार नाही.” आजीच्या तोंडचा तो प्रेमळ शब्द आज केवळ नकारापुरता उरला आहे. गय केली, असे कोणी अभिमानाने सांगितलेले तुम्ही शेवटी केव्हा ऐकले? आणि ज्यांची गय होणार नाही असे सांगितले जाते त्यांची ती गुपचूप होतच असते, हा भाग निराळा.

शाळांतही तेच. खोडी केलेल्या मुलाकडून ‘माफीनामा’ लिहून घेण्याची पद्धत पुष्कळ शाळांतून आहे. दहा वर्षांचे पोर, खिडकीची काच फोडलेली, आणि कागदावर “मी आपल्या चरणी क्षमायाचना करतो,” खाली बापाची सही. एका शाळेत तर बापाने कामाचा खाडा करून दारात उभे राहावे आणि मुलासमोर हात जोडावेत, तेव्हा कोठे मुलगा वर्गात बसे. काचेचे पैसे कोणी मागितले नाहीत. त्या मुलाला काच बसविताना सुताराचा हात धरावयास लावले असते, तर त्याला अपराधही कळला असता आणि काचही कळली असती. त्याऐवजी त्याला काय कळले? जोर ज्याच्या हाती असतो त्याच्यासमोर बापालाही वाकावे लागते. हा धडा मुले विसरत नाहीत. उद्या त्यांच्या हाती जोर आला, की तीही दुसऱ्याला वाकवितात आणि त्यालाच दया दाखविणे म्हणतात.

मग करावे काय? कायदा करणाऱ्यांनी तर उलटीच वाट धरली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ मध्ये फाशीच्या कैद्याच्या अर्जासाठी मुदती घालून दिल्या आहेत, हे चांगले झाले. कैद्याला तीस दिवस, राज्यपालांनी नाकारल्यावर राष्ट्रपतींकडे जाण्यास साठ दिवस, केंद्र सरकारलाही आपली शिफारस पाठविण्यास साठ दिवस. पण जो शब्द संविधानाने टाळला तो ‘दया’ या कलमाने मथळ्यातच आणून बसविला. शिवाय शेवटचा निर्णय किती दिवसांत व्हावा, याला मुदत नाहीच. म्हणजे मागणाऱ्याला घड्याळ आणि देणाऱ्याला पंचांग!

माझी मागणी फार मोठी नाही. वर्तमानपत्रांनी ‘दयेचा अर्ज’ हे शब्द टाकून ‘शिक्षा सौम्य करण्याचा अर्ज’ असे लिहावे. चार अक्षरे जास्त बसतील, पण मथळा खरा होईल. न्यायालय दिरंगाईसाठी फाशी रद्द करील तेव्हा ‘दया’ न छापता ‘दिरंगाई’ छापावे आणि ती कोणी केली त्याचे खाते छापावे. शाळांनी माफीनाम्याऐवजी भरपाई शिकवावी. आणि आपण सर्वांनी ‘मवाळ’ या शब्दाला शंभर वर्षांच्या वनवासातून घरी आणावे. दिवाळी हा वनवासी घरी परतण्याचाच सण आहे.

हा सण ज्यांच्या नावाने आपण साजरा करतो ती नावे तरी एकदा आठवा. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरांटे चिरडतो, त्याची कडू बी जिभेला लावतो आणि नरकासुर मेला म्हणतो. पण मरता मरता त्याने वर मागितला, की या तिथीला जो मंगलस्नान करील त्याला नरकाची पीडा होऊ नये, आणि श्रीकृष्णाने तो दिला, ही अर्धी कथा आपण मुलांना सांगतच नाही. नरकासुराला सोडलेले नाही; मारलेच. पण मेलेल्या वैऱ्याचे मागणे देवाने खाली पडू दिले नाही. तिसऱ्या दिवशी बळीची प्रतिपदा. त्याला पाताळात घातला आणि वर्षाचे तीन दिवस त्याच्या राज्याचे म्हणून ठेवले. त्याचे राज्य परत यावे म्हणून आपल्या आयाबहिणी आजही ओवाळताना बोलतात. ज्ञानेश्वरांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा, एवढेच मागितले. ज्या भाषेला हे सातशे वर्षांपूर्वी नेमक्या शब्दांत सांगता आले, तिला एका इंग्रजी शब्दासाठी भिकेच्या कटोऱ्याकडे जावे लागावे काय?

उद्या पहाटे मुले चिरांटे चिरडतील तेव्हा नरकासुराच्या वराची गोष्ट त्यांना पुरी सांगा. ती विचारतील, “बाबा, देवाला त्याची दया आली का?” तेव्हा सांगा, “नाही रे. देवाच्या हाती चक्र होते, म्हणून त्याने हात आवरला.”